निळा झेंडा उतरेपर्यंत

माझं घड्याळ म्हणजे बंदराच्या कचेरीवरचा निळा झेंडा. तिथली रीतच आहे, बंदरप्रमुख कचेरीत आले की झेंडा वर, निघाले की खाली. आणि बंदरप्रमुख म्हणजे आमचे हे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो खांब स्वच्छ दिसतो. झेंडा उतरला की मी गॅस पेटवायचा आणि हे दारात आले की ताट वाढायचं. शेजारीण चिडवायची, नवऱ्यावर पाळत ठेवायला सरकारी खर्चाने खांब रोवून घेतलाय म्हणून. अलीकडे झेंडा फार उशिरा उतरायचा. या नोकरीने माणसाचं पार चिपाड केलंय, अशी माझी रोजची कुरकुर.

आज हे फोन घरी विसरून गेले आणि नेमका दुपारी लेकीकडून निरोप आला. मुलगा झाला, दोघं सुखरूप. मला कुठला दम निघतोय. खिडकीतून पाहिलं, झेंडा वर होता. पायात चपला सरकवल्या आणि तडक कचेरी गाठली.

शिपायाने अडवायच्या आत मी दार ढकललं. यांच्या खुर्चीत एक तरणाबांड माणूस बसला होता.

"साहेब कुठे गेलेत?" मी विचारलं.

"कुठले साहेब?"

"बंदरप्रमुख."

"मीच. बोला, काय काम होतं?"

शिपायाने मला बाहेरच्या बाकावर बसवलं, पाणी दिलं.

"वहिनी, साहेबांनी घरी सांगितलं नाही?" त्याने मान खाली घातली. "दोन बोटी एकमेकींवर आदळल्या ना, त्याचं खापर साहेबांवर फुटलं. वरून हुकूम आला, घरी बसा. दोन-अडीच महिने झाले की."

आज सकाळीच मी गणवेशाला इस्त्री करून दिली होती, बाहीचं बटण शिवलं होतं. आणि रोज ज्या झेंड्याकडे बघून मी गॅस पेटवत होते, तो या परक्या पोराचा होता. झेंडा खुर्चीचा असतो, माणसाचा नव्हे, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात कधी आली नव्हती.

"मग जातात कुठे?"

"पलीकडे, जुन्या धक्क्यावर बसून असतात. आम्हाला दिसतात, पण बोलणार कसं?"

म्हणजे सगळ्या बंदराला ठाऊक होतं. बायको तेवढी अंधारात. संतापाने माझे कान तापले.

हे एका पालथ्या खोक्यावर बसले होते, अंगात गणवेश, मांडीवर डबा. काय काय सुनावायचं ते मी वाटेत ठरवून आले होते. मला पाहून यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"रोज सांगणार होतो," हे म्हणाले. "पण दार उघडताना तू म्हणायचीस, झेंडा उतरताना बघितला, जेवण गरम आहे. मग तोंडच उघडायचं नाही."

"आजोबा झालात," मी म्हणाले. "मुलगा झाला."

दोन्ही हातांत तोंड लपवून हे रडले. इतक्या वर्षांत यांना रडताना मी पाहिलं नव्हतं. भांडण नंतर, असं ठरवून मी यांचा दंड धरला.

"चला घरी."

हे उठले, दोन पावलं चालले आणि थबकले. मान वर करून खांबाकडे बघायला लागले.

"थांब जरा," हे म्हणाले. "अजून उतरला नाही."