बहिऱ्यांची आळी

त्याचं वाक्य संपलं आणि भट्टीच्या अंगणात एकानेही मान वर केली नाही.

"घुमटाला आतून तडा गेलाय. विटा बदलल्याशिवाय कुणी आत शिरू नका," एवढंच तो म्हणाला होता. कुणाचा तरी खोकला अर्ध्यावर अडला. टोपल्यांत पेंढा अंथरणाऱ्या बायकांचे हात थबकले आणि थबकल्याची लाज वाटावी तसे दुप्पट वेगाने चालू लागले. त्या बायकांत त्याची धाकटी बहीण होती, आळीच्या थोरल्यांची सून.

दोन वर्षांपूर्वी त्याने नाल्यापलीकडची, शहराची घाण उपसणाऱ्यांच्या घरची मुलगी बायको म्हणून आणली. थोरल्यांनी आळी जमवून ठरवलं, या घराशी बोलायचं नाही, या घराचं ऐकायचं नाही. मारहाण नाही की शिवीगाळ नाही. मडकी घडवणारी ही माणसं स्वतःला सभ्य समजत. त्याची मडकी सामायिक भट्टीत घेणं तेवढं थांबलं. ती भट्टी मात्र त्याच्याच हातची होती. घुमटाची एकेक वीट त्याने पोटाशी धरून बसवली होती. माणसं एकत्र बोलून समाज बांधतात, तशी एकत्र न ऐकूनही बांधतात. आणि दुसरं बांधकाम अधिक चिवट असतं.

"कुठेतरी कावळा कोकलतोय," थोरल्यांची बहीण म्हणाली. "पाहुणे यायचे असतील."

बायका हसल्या. त्याची बहीणही हसली, इतरांहून किंचित उशिरा. तो क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. तिने पेंढ्यातून नजर काढली नाही, तेव्हा तो निघून गेला.

भट्टीचं दार फोडायला तिचा नवरा पहार घेऊन उभा होता. त्याने घुमटाकडे पाहिलं, मग हळूच तिच्यापाशी येऊन विचारलं, "बघून घेऊ का गं एकदा?"

गाठ इथेच होती. वर चढून पाहणं म्हणजे ऐकू आल्याची कबुली देणं, आणि दहा पावलांवर थोरले उभे होते. ज्याच्या घरातून नियम निघाला, त्याच्याच मुलाने तो मोडायचा?

"कशाला?" ती म्हणाली. "मामंजी बघताहेत."

तो कसनुसा हसला आणि वाकून आत गेला. बराच वेळ भट्टीच्या तोंडातून एकेक मडकं येत राहिलं. ती ते हातात घेई, बोटाने टिचकी मारून नाद ऐके, पेंढ्यात ठेवी. मग धान्याचं पोतं ओतावं तसा एक मऊ, लांब आवाज झाला, आणि तिच्या पुढे केलेल्या हातांत धूळ आली.

सर्वांत आधी धावत आला तो तिचा भाऊ. नखं फुटेस्तोवर त्याने विटा उपसल्या. भट्टीच्या दारावरची तुळई आडवी आली. ती एकट्याने हलेना. हात लावा, हात लावा, म्हणून त्याने टाहो फोडला. आळी गोल करून उभी होती. ज्या तुळईला त्याचा हात होता, तिच्या दुसऱ्या टोकाला कुणाचा हात लागेना. थोरल्यांचे ओठ थरथरत होते, पण ते उघडले नाहीत. शेवटी भाऊच समजला आणि बाजूला सरला. तेव्हा वीस हात एकदम धावले. तोवर आतलं कण्हणं थांबलं होतं.

तिसऱ्या दिवशी थोरल्यांच्या ओसरीवर आळी बसली. चौथ्या दिवशी चौकशीचा कारकून यायचा होता आणि त्याला काय सांगायचं, ते ठरलंच होतं. भट्टी ज्याने बांधली त्याला धोका ठाऊक होता, डूख धरून तो मुद्दाम गप्प बसला. एकेक जण मान डोलावत गेला. पहिली साक्ष सुनेने द्यावी, सख्ख्या बहिणीच्या शब्दाला वजन असतं, असं थोरले समजावणीच्या सुरात म्हणाले. ती या घरची आहे, जन्मभर तिला घासाला कमी पडणार नाही, हेही त्यांनी सांगितलं. आवाजात खरोखरच माया होती.

ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. थोरल्यांच्या बहिणीने मागून पदर ओढला. तिने तो सोडवून घेतला.

"दादा बोलला होता," ती म्हणाली. "मी ऐकलं होतं. ह्यांनीही ऐकलं होतं. वर बघू का म्हणून मला विचारलं, आणि मीच नको म्हटलं. उद्या कारकुनाला मी हेच सांगणार आहे. माझ्या नावासकट."

ती थोरल्यांकडे वळली.

"मामंजी, तुम्ही तर दहा पावलांवरच होता. तुम्हीही ऐकलं होतं ना?"

थोरल्यांची नजर तिच्या चेहऱ्यावरून पलीकडे गेली, रिकाम्या भिंतीवरून जावी तशी. ती नजर तिने ओळखली. दोन वर्षं तीच नजर तिने आपल्या भावावरून फिरवली होती. ते गुडघ्यावर हात टेकून उठले, पायऱ्या उतरले आणि चालू लागले.