मामीचा डबा

अनुपनं मोटारसायकल एका निळ्या फाटकासमोर उभी केली आणि दोनदा हॉर्न वाजवला. मागं बसलेली रागिणी उतरली नाही. तिनं फाटकाकडे पाहिलं, आतल्या तुळशीकडे पाहिलं, मग दोरीवर वाळत घातलेल्या धोतराकडे पाहिलं.

"हे हॉटेल तर नाही वाटत," ती म्हणाली.

"हॉटेल कायचं? मामाचं घर हाय."

"आपलं हॉटेल ठरलं होतं नं?"

"जेवाचं ठरलं होतं. मामाचं घर असताना हॉटेलात कोन जेवते?"

त्यानं हे इतक्या निर्मळपणे विचारलं, की उत्तर देणाराच मूर्ख ठरला असता. रागिणी उतरली.

मूर्तिजापूर तिनंच सुचवलं होतं. ती अमरावतीची, तो अकोल्याचा. पावसाळ्यात एका मैत्रिणीच्या लग्नात दोघांची ओळख झाली आणि तेव्हापासून रोज फोनवर बोलणं चालू होतं. प्रत्यक्ष भेटायचं तर अमरावतीत तिला ओळखणारे पुष्कळ, अकोल्यात त्याला. म्हणून हे मधलं गाव. तिची अट एकच होती, आपण दोघंच. तो हो म्हणाला होता, आणि तो खोटंही बोलला नव्हता. दोघंच म्हणजे अकोल्याहून आई येणार नाही, बहीण येणार नाही, एवढंच त्याला कळलं होतं. मामा-मामी त्याच्या लेखी तिसरे-चौथे कोणी नव्हतेच. मूर्तिजापुरात यायचं आणि मामाकडे जेवायचं नाही, असं त्याच्या घराण्यात आजवर कोणी केलं नव्हतं.

रागिणीला एक गोष्ट सांगायची होती. दोन वर्षांपूर्वी तिचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, मोडलं होतं. भर हॉलमध्ये, स्वयंपाक तयार असताना. ते का मोडलं आणि कसं मोडलं, हे तिला अनुपला स्वतःच्या तोंडानं सांगायचं होतं, दुसऱ्या कोणी सांगायच्या आत. ते ऐकूनही तो होता तसाच राहिला, तर मग पुढचं बघता येईल. बडनेऱ्याला रेल्वेत बसल्यापासून ती मनात तेच जुळवत होती. कुठून सुरुवात करायची, कुठं थांबायचं. दाखवायला नेतात तेव्हाची साडी नको म्हणून ती मुद्दाम लॅबमध्ये कामाला जाताना घालते तोच साधा कुडता घालून आली होती. आणि आता ती एका परक्या घराच्या पायरीवर चपला काढत होती.

"या वो, या!" जमुनामामी पदराला हात पुसत बाहेर आल्या. "उन्हातून आल्या. पानी घे आधी."

मामा नत्थुजी पलंगावर बसून तुरीच्या उकडलेल्या शेंगा सोलत होते. त्यांनी वाडगं पुढं सरकवलं. "खा. घरच्या वावरातल्या हायेत."

रागिणी खुर्चीच्या टोकावर बसली आणि प्रश्नांची वाट पाहू लागली. ते कोणते येतात, कोणत्या क्रमानं येतात, तिला तोंडपाठ होतं. कोणाची तू, मूळ गाव कोणतं, मामकूळ कोणतं. वऱ्हाडात नवा माणूस घरात आला की पाण्याचा पेला रिकामा व्हायच्या आत त्याच्या आईचं माहेर निघतं. त्यावरून कोणीतरी ओळखीचं निघतं आणि त्या ओळखीच्यावरून बाकी सगळं निघतं.

नत्थुजींनी थंडीविषयी विचारलं. अमरावतीत यंदा जास्त की इकडे जास्त. मामींनी तिला तिखट चालतं का, असं विचारलं. मग ताटं आली. पातोडीचा रस्सा, भाकरी, भात, आणि मूर्तिजापुरात सांभार म्हणतात त्या कोथिंबिरीची गरम सांभारवडी.

"घे वो पोरी, लाजू नको," नत्थुजी म्हणाले. "आमच्या घरी लाजनारा उपाशी रायते."

जेवण उत्तम होतं आणि तिला भूकही लागली होती. अनुप समोर मांडी घालून मन लावून जेवत होता, मधूनच तिच्याकडे पाहून हसत होता. झालं ना सगळं छान, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. रागिणीनं दुसरी वडी घेतली, रस्सा घेतला, भातही घेतला. जेवण संपत आलं तरी तिचं गाव कोणी विचारलं नव्हतं. आईचं माहेर विचारलं नव्हतं. तिच्या वडिलांचं नावसुद्धा कोणाला नको होतं. तिचा घास हातातच राहिला.

हे लोक विचारत नव्हते, कारण यांना माहीत होतं.

ताट उचलून ती स्वयंपाकघरात गेली.

"ठेव वो माय, पावन्यानं ताट उचलू नये," मामी म्हणाल्या. मग दाराकडे एकदा पाहून त्यांनी आवाज खाली आणला. "एक सांगू? मन लहान नको करू. थे लोक भर हॉलातून उठून गेले. त्यात तुया काय दोष?"

"तुमाले कोणी सांगितलं?"

"माही चुलतबहीण होती नं तथी. तिनं सांगतलं." मामी स्टीलच्या डब्यात वड्या भरू लागल्या. "अनुपची माय पयले नाही म्हने. मीच समजावलं तिले. म्हटलं, बिचारीले सोडून गेले लोक. तिले आपन पदरात नाही घेनार तं कोन घेईन?"

त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते. इतकी माया रागिणीला कोणत्याच पाहण्याच्या कार्यक्रमात मिळाली नव्हती, आणि तिला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

मामींनी डब्याचं झाकण दाबून लावलं. झाकणावर नाव कोरलेलं होतं, सौ. जमुना. "घरी ने. डबा सावकाश येऊ दे, घाई नाही. रिकामा नको आनजो म्हंजे झालं," म्हणून त्या स्वतःच हसल्या.

स्टेशनवर दुपारची सुस्ती होती. परतीच्या गाडीला थोडा वेळ होता. अनुप तिच्याशेजारी बाकावर बसला, डबा दोघांच्या मध्ये.

"राग आला?" त्यानं विचारलं.

"तुले साक्षगंधाचं माहीत होतं?"

"हो. पयल्यापासून." ही गोष्ट त्यानं बरेच दिवस जपून ठेवली असावी, असा त्याचा आवाज झाला. "तुले सांगाले जड गेलं असतं. म्हनून म्हटलं, मामीकडेच नेतो. कोनी काही विचारत नाही, हे तूच पाह्यशील. आता तुले काहीच सांगा नाही लागत."

तो चांगला होता. याबद्दल रागिणीला तेव्हा शंका नव्हती आणि नंतरही कधी आली नाही. सहा महिने ती ज्या वाक्यापाशी येऊन रोज फोन ठेवत होती, ते वाक्य त्यानं तिच्यासाठी निकाली काढून टाकलं होतं. आणि त्याला वाटत होतं की आपण तिचं ओझं उतरवलं.

"ते लोक मले सोडून नाही गेले," ती म्हणाली. "मी मोडलं."

अनुप वळला.

"हॉलमधी मीच त्याले बाजूले बोलावलं आन् सांगितलं, मले नाही जमत. मग त्याच्याकडचे उठले. बाबा म्हणाले, लोक समजतात तसं समजू दे."

"काहून पन?"

"त्यानं मले कधी काही विचारलंच नव्हतं. माही नोकरी सोडाचं बी त्यानं मले नाही, बाबाले सांगितलं."

"वाईट होता का?"

"नाही. चांगला होता."

रुळापलीकडे एक कुत्रं ऊन सोडून सावलीत गेलं, ते अनुपनं शेवटपर्यंत पाहिलं. त्याची अडचण खरी होती. दुपारपर्यंत त्याच्याजवळ एक टाकलेली मुलगी होती आणि तिला घेणारा तो होता. आता बाकावर दुसरीच कोणी बसली होती, आणि हिच्यापुढं मोठेपणा कसा दाखवायचा हे त्याला माहीत नव्हतं.

"एक करजो," तो शेवटी हळूच म्हणाला. "हे मामीले सांगू नको. आई तयार झाली, थे त्याच्यावरच. तुले सोडून गेले म्हनून. आपलं काय जाते? लोक समजतात तसं समजू दे."

रागिणीनं त्याच्याकडे पाहिलं. तिला राग येईल असं वाटलं होतं, तो आला नाही. वाईट मात्र वाटलं, खूप वाटलं. त्याचं फोनवरचं हसणं तिला आवडायचं.

ती डबा घेऊन उठली. चहाच्या टपरीवर तिनं जुना पेपर मागितला, वड्या त्यावर काढल्या आणि घडी घालून बांधल्या. अजून गरम होत्या. नळावर डबा धुतला, ओढणीनं आतून-बाहेरून कोरडा केला, झाकण लावलं. अनुप बाकावरून पाहत होता. गाडीची वेळ होत आली म्हणून ती वड्या सुटसुटीत बांधून घेते आहे, एवढंच त्याला वाटलं असावं.

गाडी आली. आत चढून तिनं दारातून डबा त्याच्या हातात दिला. त्यानं सवयीनं घेतला. मग त्याला वजन कळलं.

"हा तं रिकामा हाय."

"हो."

"अवो, रिकामा डबा कोनी वापस करते का? मामी काय म्हनन?"

"वड्या फार चांगल्या झाल्या होत्या म्हणून सांगजो त्यांना. खरंच झाल्या होत्या."

गाडी हलली. अनुप दोन्ही हातांत डबा धरून थोडं अंतर गाडीबरोबर चालला, मग उभा राहिला.

रागिणीला खिडकीजवळ जागा मिळाली. तिनं पुडी सोडली तसा सांभाराचा वास पसरला. समोरच्या बाकावर टोपलीला पाय टेकवून एक म्हातारी बसली होती. रागिणीनं पेपर पुढं केला. म्हातारीनं एक वडी घेतली, अर्धी खाल्ली, मान डोलावली.

"कोनाची वो तू?" तिनं विचारलं. "मामकूळ कोनतं तुमचं?"

रागिणी सरळ होऊन बसली.

"सांगते," ती म्हणाली.