जावईबापूंचा पूल

जावयानं जुना पूल दुरुस्त केला, हे ऐकल्यापासून म्हाताऱ्या गवंड्याच्या कपाळावरची आठी गेली नव्हती. त्यानं चाळीस वर्षं दगड घडवले, विटा रचल्या. जावई रस्ते खात्यात इंजिनिअर, म्हणजे म्हाताऱ्याच्या लेखी कागदावर भिंती उभ्या करणारा माणूस. थापी उलटी दिली तर उलटीच धरेल असला. पण लेकीनं हट्टच धरला. "बाबा, एकदा बघा तरी. वर्षभर राबलेत ते त्यावर." म्हणून सुट्टीच्या सकाळी तिघं गाडीत बसले.

शहर मागे पडलं, शेतं लागली, आणि एका वळणावर पूल दिसला. खाली दगडी खांब, वर विटांच्या तीन कमानी, पलीकडे चढत गेलेला अरुंद रस्ता. म्हाताऱ्याचा जीव क्षणभर हरखला. बांधणारे कोण होते कुणास ठाऊक, पण त्यांना काम येत होतं. मग त्याची नजर विटांमधल्या करड्या रेषांवर गेली.

"सिमेंट?" त्यानं विचारलं.

"हो मामा. विटांमधले सांधे सगळे नव्यानं भरून घेतले. आता शंभर वर्षं बघायला नको."

"आणि आधी काय होतं?"

"चुना. पार भुसभुशीत झाला होता."

"भुसभुशीत," म्हातारा म्हणाला. जावयाचा शब्द त्यानं चिमटीत धरून लांब ठेवावा तसा उच्चारला.

पुलाच्या तोंडाशी संगमरवरी पाटी होती. तीवर सात अधिकाऱ्यांची नावं. म्हाताऱ्यानं ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. "गवंडी एकही नाही वाटतं यात. मग बरोबर आहे, केलंय कुणी हे तरी कळलं." लेकीनं डोळे वटारले. त्यानं तिकडे पाहिलंच नाही. कठड्यावर तकतकीत रंग, कोपऱ्यात शोभेच्या कुंड्या. प्रत्येकीपुढे तो थांबला आणि प्रत्येकीपुढे नाकातून हसला. जावई कान लाल करून मागोमाग चालत होता.

"खाली उतरू या," म्हातारा म्हणाला.

"बाबा, गुडघे—"

"गुडघे माझे आहेत."

काठावरच्या गवतातून तो बसत, सरकत पहिल्या कमानीपाशी पोचला. आठवडाभर पाऊस झाला होता, पण आज ऊन होतं. भिंत मात्र ओली. त्यानं तळहात टेकवला. सिमेंटच्या रेषा जागच्या जागी टणक होत्या, आणि मधल्या विटांचे पापुद्रे बोटाबरोबर सुटून येत होते. मग त्यानं गाल भिंतीला लावून एक डोळा मिटला. भिंत मधोमध फुगली होती.

"पाणी जायची भोकं कुठायत?"

जावई वाकून पाहू लागला. "इथे... काही बिळं होती. पक्षी घरटी करायचे. बुजवून घेतली."

"बिळं! अहो जावईबापू, ती बिळं होती? पुलाच्या पोटातलं पाणी तिथून निघायचं, उरलेली ओल चुन्यातून सुटायची. सिमेंटनं ती विटांत कोंडली. तुम्ही माणसाचं नाक-तोंड बांधून वर पावडर लावलीत! गाडीतला जॅकचा दांडा आणा."

जावई गेला आणि दांडा घेऊन आला. म्हाताऱ्यानं बुजवलेल्या एका भोकाच्या करड्या ठिपक्यावर घाव घातले. चौथ्या घावाला हात भरून आला, पण दांडा मागायला पुढे आलेल्या जावयाला त्यानं कोपरानं ढकललं. सातव्याला ठिपका फुटला आणि हातभर लांब गढूळ धार बाहेर पडून जावयाच्या छातीवर बसली. धार थांबेना. वर लेक तोंडावर हात ठेवून उभी होती.

म्हाताऱ्याची जीभ सरसावली. पोरी, असल्या माणसाला तुला दिली, इथपासून सुरुवात करायची त्यानं कधीच ठरवलं होतं. जावई आता कंत्राटदाराचं नाव पुढे करेल, वरच्या साहेबांचं करेल. मग त्याला आणखी सोलता येईल.

जावई शर्ट झटकत नव्हता. तो धारेकडे पाहत होता.

"भोकं बुजवा असं मीच लिहून दिलं होतं," तो म्हणाला. "आमच्या गवंड्यानं विचारलं होतं मला, साहेब, कशाला बुजवता. मी त्याला म्हटलं, तू तुझं काम कर."

म्हाताऱ्यानं दांडा खाली टेकला. भांडायला आलेल्या माणसापुढे समोरचा असा उघडा होऊन उभा राहिला की मोठी पंचाईत होते. त्याला रागच आला.

"मग त्याला बोलवा परत," तो खेकसला. "आणि या पुलावरून अवजड गाड्या आजच थांबवा. भिंत फुगलीय."

जावयानं तिथूनच फोन लावला. तासाभरात पुलाच्या दोन्ही तोंडांना दोर बांधून वाट अडवली गेली. पुढल्या आठवड्यात त्यानं आपली चूक सहीनिशी वर कळवली. त्याची बढती अडली. तो गवंडी परत आला, सिमेंट खरवडून चुना भरायला पाच महिने गेले, आणि जावई त्याच्या हाताखाली स्वतः थापी धरू लागला. म्हातारा दर सुट्टीला खुर्ची टाकून काठावर बसे आणि जावयाच्या हातातली थापी पाहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणे, "चुना लावताय की पोळीला तूप?"

जावई हसत नसे. तो थापी पुसून पुन्हा भरायला घेई.