बरं आहे

"तुम्ही 'बरं आहे' म्हणालात की नाही, एवढंच सांगा. हो की नाही?"

हॉस्पिटलच्या वकिलाने तोच प्रश्न पुन्हा विचारला, आणि मागच्या बाकावर बसलेली बाई पुढे सरकून ऐकू लागली. साक्षीला उभा होता तो तिचा नवरा. खोटं बोलायचं म्हटलं की त्याच्या कानाच्या पाळ्या लाल होत, हे तिला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं.

"म्हणालो," नवरा म्हणाला. "पण साहेब, ते आपलं असंच..."

"असंच-तसंच नको. म्हणालात ना? झालं."

झालं! दोन वर्षं हॉस्पिटलवरच्या दाव्यापायी या कोर्टाचे खेटे घातले, जिन्यावर बसून डबे खाल्ले, आणि या गृहस्थाचं एका शब्दात झालं! तिच्या मनात आलं, उठावं आणि दोघांनाही फैलावर घ्यावं, आधी वकिलाला आणि मग नवऱ्याला. खरं म्हणजे आधी नवऱ्यालाच.

तो किल्ल्या बनवायचा. बाजारात एका जिन्याखाली त्याचं दुकान होतं. दुकान कसलं, एक माणूस, एक पकड आणि भिंतभर टांगलेल्या किल्ल्या, एवढंच. कुलूप बघितलं की त्याला त्याची चावी बोटांत जाणवायची. पण बाजारात तो हातापेक्षा तोंडासाठी जास्त प्रसिद्ध होता. कुणी काहीही विचारो, उत्तर एकच, "बरं आहे." म्हणून सगळे त्याला बरंशेठ म्हणत. एकदा चोरांनी मागचा पत्रा कापून दुकान साफ केलं. सगळा बाजार हळहळत होता, आणि हा म्हणाला, "बरं आहे, कुलूप तर शाबूत राहिलं ना!" लोक हसून हसून लोळले. तिला हसू आलं नव्हतं. पत्र्याचे पैसे तिच्या बांगड्यांतून गेले होते.

मग एक दिवस तो स्टुलावरून पडला आणि उजवा हात मोडला. हॉस्पिटलात हाड बसवून प्लास्टर घातलं, एक रात्र ठेवून घेतलं. संध्याकाळपासून बोटं सुजायला लागली. नखं काळी-निळी दिसायला लागली. हा दात आवळून पडून राहिला. नर्सला तीच सांगायला गेली, एकदा नाही, चांगली तीनदा.

"सिस्टर, जरा बघा ना. प्लास्टर फार आवळलंय. बोटं गार पडलीत हो."

"प्लास्टर म्हटलं की दुखणारच, काकू. सकाळी डॉक्टर येतील, त्यांना सांगा."

सकाळी डॉक्टर आले. दारातूनच म्हणाले, "काय काका, कसं काय?"

आणि रात्रभर डोळ्याला डोळा न लागलेला, घामाने उशी भिजवलेला हा माणूस डॉक्टरांना पाहून उठून बसला आणि म्हणाला, "बरं आहे."

त्याच वेळी ती नळावर तांब्या भरायला गेली होती. त्या तांब्याची हळहळ तिला आयुष्यभर पुरणार होती. ती परत आली तेव्हा डॉक्टर पुढच्या खोलीत गेलेले, आणि नवऱ्याच्या हातात घरी जायचा कागद.

प्लास्टर फोडलं तेव्हा फार उशीर झाला होता. आत रक्त अडकून स्नायू मेले होते. बोटं आत वळली ती वळलीच. आता त्या हाताने त्याला शर्टाचं बटणही लावता येत नव्हतं, मग किल्ली घासायच्या कानशीची गोष्टच सोडा. दुसऱ्या एका डॉक्टरांनी हात पाहून स्वच्छ सांगितलं होतं, "हे प्लास्टर त्याच रात्री कापायला हवं होतं. बोटं हलवून बघायला किती वेळ लागतो?" हेच तेवढं साक्षीत सांगा, म्हटलं, तर म्हणाले, "माझं नाव मध्ये आणू नका हं." सगळे एकाच माळेचे मणी.

आणि तिची स्वतःची साक्ष? ती मागच्या तारखेला झाली होती. नर्सला काय सांगितलं, ते तिने शब्दन् शब्द सांगितलं होतं. नर्स म्हणाली, आठवत नाही. आणि हा वकील गोड हसून म्हणाला होता, "ताई, तुम्ही त्यांच्या पत्नी. तुम्ही त्यांच्याच बाजूने बोलणार. स्वाभाविक आहे." घ्या! रात्रभर उशाशी बसली ती बायको, आणि बायको म्हणूनच तिचा शब्द फुकट!

वकिलाला एकाएकी ठसका लागला. खोकून खोकून तोंड लाल झालं, डोळ्यांतून पाणी आलं. न्यायाधीशबाईंनी मान वर केली.

"वकीलसाहेब, बरं आहे ना?"

"बरं आहे, मॅडम," तो छाती धरून कसाबसा म्हणाला, आणि पुन्हा खोकू लागला.

मागच्या बाकावरून ती ताडकन उठली. "ऐकलंत? ऐकलंत का? आता हेसुद्धा..."

नवरा-बायकोच्या बाजूची वकीलबाई तरुण होती, पण हाताला जोर होता. तिने मागे येऊन मनगट धरून तिला खाली बसवलं. "काकू, गप्प बसा. मध्ये बोललात तर आपल्याच अंगाशी येईल."

"अगं, पण तो स्वतः काय म्हणाला, ते..."

"मी ऐकलं. मी मांडीन ते, माझ्या पद्धतीने. विचारणं, हात लावून बघणं हे डॉक्टरांचं काम होतं. काका काय म्हणाले, त्यावर ते टळत नाही. पेशंटचा हक्क आहे तो. पण आत्ता बसा."

हक्क! शब्द ऐकायला छान होता. तो मांडायला पुढची तारीख लागणार होती, आणि तीही कारकुनाने अशी सांगितली की जणू हिलाच तारखा गोळा करायचा छंद आहे.

बाहेर आल्यावर व्हरांड्यात तिने तोंडाचा पट्टा सोडला.

"जन्मभर 'बरं आहे, बरं आहे'! एकदा, अहो, एकदाच म्हणाला असतात की दुखतंय, तर काय जीभ झडली असती?"

"डॉक्टर एवढे मोठे. सकाळी सकाळी आलेले. त्यांना काय रडगाणं ऐकवायचं?"

"त्यांना नाही ऐकवायचं, मग कुणाला? आता ऐकवा मला. मी बसलेच आहे ऐकायला. तोंड उघडलं असतं तर आज हात असता. तुमच्याच तोंडाने घालवलात तुम्ही तुमचा हात!"

हे ती आज पहिल्यांदा म्हणत नव्हती. दोन वर्षांत कितीदा म्हणाली असेल, त्याला गणती नाही. भांडी घासताना म्हणायची, त्याची बटणं लावताना म्हणायची. तो कधी उलट बोलला नाही. आजही नाही. त्याने फक्त वळलेला हात खिशात घातला आणि डाव्या हाताने तिच्याकडची पिशवी घेतली.

ते जिना उतरत होते. वरून भराभर पावलं आली. डॉक्टर होते, दारातूनच विचारून गेलेले, तेच. आज त्यांचीही तारीख होती. कानाला फोन होता, आणि या दोघांना ओलांडून जाता जाता ओळखीचा चेहरा दिसला म्हणून सवयीने मान हलली. कुठे पाहिलाय हा चेहरा, हे त्यांना आठवलं की नाही देव जाणे.

"काय काका, कसं काय?"

तिने डोळे मिटून घेतले. आता हा म्हणणार. अगदी तस्संच म्हणणार, आणि मी इथेच या जिन्यावर डोकं आपटून घेणार.

नवरा थांबला. त्याने पिशवी पायरीवर ठेवली. खिशातून उजवा हात बाहेर काढला आणि डॉक्टरांना दिसेल असा पुढे धरला.

"बरं नाही, डॉक्टर," तो म्हणाला. "अजिबात बरं नाही."

चांगलं मोठ्याने म्हणाला. खालच्या पायरीवर बसलेल्या माणसाने मान वळवून पाहिलं. तिने डोळे उघडले. त्याचे कान लाल झाले होते, खरं बोलत असूनसुद्धा.

"बरं, बरं," डॉक्टर म्हणाले, आणि फोनवर बोलत खाली निघून गेले.

खालचं दार उघडलं आणि मिटलं.

तो तसाच उभा होता, हात पुढे धरून. मग त्याने तिच्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. कुलूप उघडत नाही म्हटल्यावर गिऱ्हाईकाला सांगताना त्याचा चेहरा असायचा तसाच होता.

"बघ," तो म्हणाला. "सांगून पाहिलं."

तांब्या, नर्स, वकील, दोन वर्षं आणि रोज त्याला ऐकवलेलं ते एक वाक्य, सगळं तिला एकदम आठवलं. त्या सकाळी तो बोलला असता तरी असंच झालं असतं. हात त्याच्या तोंडाने गेलाच नव्हता.

त्याच्या उजव्या बाहीचं बटण सुटलं होतं. सकाळी भांडता भांडता तिनेच ते नीट लावलं नव्हतं. ती एक पायरी खाली उतरून त्याच्यासमोर उभी राहिली, तो वळलेला हात आपल्या हातात घेतला आणि बटण लावू लागली.

"दुखतंय का?" तिने विचारलं.

त्याने आपल्या वळलेल्या बोटांकडे पाहिलं.

"हो," तो म्हणाला. "दुखतं. रोज."

"सांगा मग," ती म्हणाली, आणि तिथेच पायरीवर त्याच्यासाठी जागा करून बसली.