खळ्यावरचा पहिला घास

नखाच्या कडेला अडकलेलं ते पांढरं शीत रखमाजीनं उन्हाकडे धरून पाहिलं — शीत कसलं, फ्लॉवरचा कीस. सकाळी चुलीपाशी चाखून बघितला होता तेव्हाचा, हात धुऊनही नखात राहिलेला. दाबला तर फुटला, चिकटला नाही. इंद्रायणीचं शीत दाबलं की बोटाला धरून राहतं. हा आपला भुसभुशीत, उकडलेल्या भाजीच्या वासाचा... पण लांबून? लांबून कुणाला कळतंय. पंगतीला बसलेल्या दहा माणसांना एवढंच दिसेल की मालकाच्या ताटात पांढरा ढीग आहे आणि त्यावर रस्सा आहे.

ही अक्कल सुनेची, स्नेहलची. लोणावळ्यात वाढलेली पोरगी, तिच्याकडे प्रत्येक गोष्टीवर तोड असते. "आबा, बारीक किसते आणि तुपावर परतते. रस्सा ओतला की देवालासुद्धा कळायचं नाही." देवाला नाही कळलं तरी पोटाला कळतंच की. तरी तो हो म्हणाला होता, आणि हो म्हणताना चोरी करायला निघाल्यासारखं वाटलं होतं, स्वतःच्याच खळ्यावर.

खळ्यात झोडणी चालली होती. भारे फळीवर आपटत होते, दाणे उडत होते, मागे वडिवळ्याच्या धरणाचं पाणी उन्हात चकाकत होतं. रखमाजी कडेला उभा होता — पायात कापडी बूट घालून. खळ्यावर कुणी पायताण घालत नाही. दर वर्षी तोच पोरांवर खेकसायचा, आधी चपला काढा. आज त्याला कुणी काही म्हणालं नाही, आणि तेच त्याला टोचत होतं.

लावणीच्या चिखलात डाव्या पायात काहीतरी शिरलं होतं. कळलंच नाही, कारण त्या पायाला काही कळायचंच बंद झालं होतं. मी चार दिवस तसाच चिखलात उभा होतो, गाणी ऐकत... आणि कळलं तेव्हा अंगठ्याशेजारचं बोट देऊन बाकीची वाचवावी लागली. गावात त्यानं सांगितलं, काटा चिघळला. डॉक्टरनं मात्र सांगितलं होतं ते वेगळंच: साखर. "मटण महिन्यातून एखाद्या वेळी, तेही दोन तुकडे. प्रोटीन मात्र कमी पडू द्यायचं नाही, जखम त्यानंच भरते. आणि भात विसरा. पुढच्या वेळी बोटावर भागणार नाही, पाऊल जाईल."

भात विसरा! म्हणजे मावळातल्या माणसानं खायचं काय?

तर अंडी खायची. मोडाची मटकी खायची, पनीर खायचं, चपाती अर्धी. दर रविवारी कामशेतातून किलोभर मटण आणणारा माणूस वाटीभर हरभऱ्यांकडे बघत बसायला लागला. घरात प्रोटीन हा शब्द जावयासारखा येऊन बसला. आधी त्याचं बघायचं, मग बाकीच्यांचं. साखर मात्र उतरली, हे खरं. मग दिवाळीला त्यानं एक घास भात खाल्ला, फक्त एक — आणि एकाचं ताट झालं, आणि एका ताटाचे आठ दिवस झाले, स्नेहलची नजर चुकवून, मांडणीमागे उभं राहून, पातेल्यातूनच... नवव्या दिवशी जखमेतून पुन्हा पाणी आलं. तेव्हापासून त्याला भाताचं भय वाटत नव्हतं, स्वतःचं वाटत होतं.

हे दहा माणसांना कसं सांगायचं? ज्याचा तांदूळ लोक लोणावळ्याहून गाडी घेऊन येऊन नेतात, त्यालाच तो चालत नाही, हे?

"आबा, वाढते," स्नेहलनं हाक दिली.

पंगत घरासमोर, खळ्याच्या कडेलाच बसली. नव्या तांदळाचा भात — पहिल्या चार भाऱ्यांचा, मुद्दाम गिरणीतून काढून आणलेला — असा वाफाळत होता की रखमाजीच्या जिभेला पाणी सुटलं आणि त्याला रडूही आलं. स्नेहलनं त्याचं ताट आतून भरून आणलं. ढीग, रस्सा, दोन तुकडे, कडेला उकडलेली अंडी. छान जमलं होतं. त्यानं समोर पाहिलं. समोर कोंडू बसला होता, वरच्या ठाकरवाडीचा, पंचवीस वर्षं ह्या खळ्यावर झोडणारा; भात वाढून झाला तरी ताटाला हात न लावता, उजवा तळहात पसरून.

घास.

मालकानं तोंड लावायच्या आधी आपल्या ताटातला पहिला घास सगळ्यात जुन्या गड्याच्या हातावर ठेवायचा, त्यानं तो खाल्ला की पंगतीनं जेवायचं — आजोबांपासूनची ही रीत. इतके दिवस त्यानं ताटात काय दिसेल याचाच विचार केला होता. ताटातून काय द्यायचंय, हे डोक्यातच आलं नव्हतं. अनिता असती तर तिनं आठवण केली असती. पण बायको जाऊन तीन वर्षं झाली आणि स्नेहलला हे माहीत असायचं कारण नव्हतं. पातेल्यातून खरा भात मागून घ्यावा? सगळे बघतायत. ताटात एवढा भात असताना मालक आणखी भात का मागतोय?

हात आपोआप पुढे गेला. रस्सा जास्त घेऊन त्यानं घास कालवला. गोळा होईना, सुटा सुटा राहिला. तो त्यानं कोंडूच्या तळहातावर ठेवला.

कोंडूनं तोंडात टाकला. चावला. चावता चावता थांबला. ज्यानं रोप लावलं, कापलं, सकाळपासून झोडलं, त्या माणसाला मी भात म्हणून हे दिलं... लाज वाटली, नुसती लाज. कोंडूनं गिळलं आणि पंगतीकडे वळून म्हणाला, "चला रं, जेवा."

माणसं जेवायला लागली. कोंडूनंही चार घास खाल्ले, मग सरकत पुढे आला.

"भाऊ, ह्यो भात न्हाई."

"न्हाई," रखमाजी म्हणाला.

"पायापायी?"

"व्हय. साखर हाय. पाऊल काढतील म्हणत्यात."

कोंडूनं बुटाकडे पाहिलं. "मग सांगायचं व्हतं. आमी काय परकं हाय?" मग आपल्या ताटातला भात त्यानं बोटांनी कालवला, अगदी लहानसा गोळा केला आणि हात पुढे केला. "खळ्याचा घास चुकू ने. खावा, न्हाईतर नुसता हातात धरा. तुमची मर्जी."

पंगतीनंही ते ऐकलं होतं; सगळ्यांच्या माना वळल्या. स्नेहल दारात पातेलं धरून उभी राहिली. ह्या खळ्यावर घास नेहमी इकडून तिकडे गेला होता. तिकडून इकडे, तोही जेवत्या ताटातला, कधीच आला नव्हता. रखमाजीनं हात पसरला.

घास गरम होता. तळहाताला चिकटला, जसा चिकटायला हवा तसा. वास नाकात शिरला आणि मांडणीमागचे ते आठ दिवस एकदम अंगात उभे राहिले... बुटातला पाय मात्र गप्प होता, त्याला ह्यातलं काहीच कळत नव्हतं. सगळे बघत होते, बघू देत. सकाळपासून ज्याला तो भीत होता ते होऊन गेलं होतं आणि त्याचं ओझं कुठे गेलं ते कळत नव्हतं. आता लोकांचं निमित्त नव्हतं, रितीचंही नव्हतं — कोंडूनं तेही काढून घेतलं होतं. आता खाल्ला तर तो त्यानं स्वतः खाल्लेला असणार होता, आणि नाही खाल्ला तर स्वतः न खाल्लेला. इतकी भूक त्याला कित्येक महिन्यांत लागली नव्हती.