उताराकडचं घर

बॉल टोमॅटोच्या वाफ्यात धपकन पडला आणि मावशींनी मशीनवरचा पाय थांबवला. हातातली पँट तशीच सुईखाली ठेवून त्या कानोसा घेत बसल्या. आता कुंपणापलीकडून हाक यायला हवी होती, "मावशी, बॉल!" हाक आली नाही. त्याऐवजी पुढच्या दाराची कडी वाजली.

दारात लंबू उभा होता. एकेकाळचा फुटबॉल क्लबचा गोलकीपर, आता अध्यक्ष. पोट सुटलं होतं, केस विरळ झाले होते, पण नाव काही बदललं नव्हतं. वायरिंगच्या कामावरून परस्पर आला असावा, शर्टाच्या खिशातून टेस्टर डोकावत होता.

"बॉल न्यायला आज अध्यक्ष स्वतः?" मावशी म्हणाल्या. "बाकीचे काय झोपलेत?"

"बॉलचं नंतर बघू. जरा बसू का?"

लंबू विचारून बसतोय म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय, हे मावशींनी लगेच ताडलं. एरवी तो सरळ स्वयंपाकघरात जाऊन माठातलं पाणी पिऊन यायचा.

"मैदान सपाट करायचं ठरलंय, मावशी. लीगमध्ये घ्यायला तयार आहेत आपल्याला. पण उतारावर मॅच खेळवणार नाही म्हणतात."

"मग करा की सपाट. त्याला काय जोशी लागतो मुहूर्त काढायला?"

लंबू हसला नाही. त्याने खिडकीतून मागच्या अंगणाकडे पाहिलं. "खालच्या बाजूला भर घालावी लागेल. भर धरून ठेवायला भिंत. आणि भिंतीचा पाया येतो तुमच्या वाफ्यात."

मावशींनीही तिकडे पाहिलं. लंबूला वाटलं, टोमॅटोंपायी त्यांचा जीव वर-खाली होतोय. म्हणून त्याने घाईघाईने पुढचं सांगितलं. "भिंतीवर उंच जाळी लावणार आहोत. बॉल पुन्हा म्हणून येणार नाही. तुमच्या डोक्याची कटकट एकदाची जाईल."

"विचार करून सांगते," मावशी म्हणाल्या आणि सुईखालची पँट पुढे सरकवली.

क्लब मावशींच्या कात्रीतून जन्माला आला, असं लंबू दर वार्षिक सभेत सांगायचा आणि ते खोटं नव्हतं. तेव्हा क्लब नव्हता, उतारावरची मोकळी जागा होती आणि तिथे धिंगाणा घालणारी दहाबारा टाळकी होती. बॉल कुणीही कुठेही मारला तरी शेवटी उतारावरून घरंगळत मावशींच्याच अंगणात यायचा. एकदा तो दोरीवर वाळत घातलेल्या गिऱ्हाइकाच्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर चिखलासकट बसला. मावशींचा पारा चढला आणि त्यांनी हातातली कात्री बॉलमध्ये खुपसली. कुंपणापलीकडे उभ्या टाळक्यांपैकी सगळ्यात उंच टाळकं भोकाड पसरून रडायला लागलं. मावशींना त्या दिवशी घास गोड लागला नाही. बॉलच्या आतला फुगा त्यांनी सायकलवाल्याकडून चिकटवून आणला आणि वरचं कातडं स्वतः जाड सुईने शिवलं. तो बॉल पुढे वर्षभर तिरका उडत राहिला. पण तोवर त्या टाळक्यांना मावशी मिळाली होती.

मग कुणीतरी म्हणालं, आपण टीम करू. टीम म्हटली की जर्सी आली. गावातलं जुनं नाटकगृह बंद पडलं होतं, त्याचा किरमिजी पडदा मावशींनी मागून आणला आणि अकरा जर्स्या बेतल्या. कापड इतकं जाड की घामाने भिजलं की खेळाडू ओल्या गादीसारखे जड व्हायचे. बाहेरच्या टीम त्यांना पडदेवाले म्हणायला लागल्या, हरले की "पडदा पडला!" म्हणून ओरडायच्या. नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे दुसरी टीम झाली, सकाळची बालटीम झाली, आता मुलींची टीम होती आणि तिची कॅप्टन लंबूची लेक होती. सगळ्यांच्या जर्स्या आता तलम, पण रंग तोच पडद्याचा. आणि लंबू ज्यांना मावशी म्हणायचा, त्यांना त्याची लेकही मावशीच म्हणायची. क्लबमध्ये हे नातं पिढीप्रमाणे पुढे सरकत नव्हतं.

एवढं सगळं झालं, पण मावशींनी एकही मॅच डोळ्यांनी पाहिली नव्हती. मॅच सुट्टीच्या दिवशी, आणि सुट्टीच्याच दिवशी गिऱ्हाइकांची झुंबड. राहिलं ते राहिलंच. मॅच त्यांना कानांनी कळायची. आपला गोल झाला की आरडाओरडा लांबत जायचा, त्यांचा झाला की झटकन तुटायचा. गिऱ्हाइकाच्या कमरेचं माप घेताघेता त्या सांगायच्या, "दोन-एकने पुढे आहोत." आणि ते बरोबर निघायचं.

पण खरी गोष्ट अशी होती की भिंतीचं ऐकल्यापासून मावशींना भीती वाटत होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा दूरच्या शहरात होता आणि फोन करायचा. घरात मशीनखेरीज आवाज नव्हता. दिवसातून चारदोनदा कुंपणावर कुणाचं तरी घामेजलेलं डोकं उगवायचं, शिव्या खायचं, पाणी प्यायचं आणि बॉल घेऊन जायचं. उतार गेला की ही डोकी कशाला उगवणार होती? हे कुणाला सांगायचं, आणि कोणत्या तोंडाने? इतकी वर्षं त्या बॉलच्या नावाने खडे फोडत आल्या होत्या.

त्यांनी उत्तर दिलं नाही. लंबू रस्त्यात भेटला की विषय काढायचा नाही, नुसता हसायचा.

मग एका संध्याकाळी बॉल आला आणि मागोमाग लंबूची लेक कुंपण ओलांडून आली. तिने बॉल काखेत मारला, पण ती निघेना.

"काय गं? पाणी हवंय?"

"मावशी, काल हरलो. सपाट मैदान होतं. आमचा प्रत्येक पास डावीकडे जातो. इथे उताराचा हिशेब करून मारायची सवय झालीये ना. समोरच्या पोरी हसत होत्या."

"तुझ्या बापाचंही तसंच व्हायचं."

"बाबा म्हणतात, तुम्हाला या बाबतीत काही विचारायचं नाही. तुम्ही क्लबसाठी खूप केलंय, म्हणतात." ती वाफ्यात मोडलेलं रोप सरळ करू लागली. "मी नाही विचारत. मी फक्त हरलो ते सांगितलं."

मावशींना हसू आलं. पोरगी बापापेक्षा वस्ताद होती.

"त्याला सांग, भिंत बांध म्हणावं. पण भिंतीला दार पाहिजे. आणि वर चढायला पायऱ्या."

"दार कशाला?"

"जागा माझी, दार माझं. कशाला ते माझं मी बघेन."

भिंत झाली, भर पडली, जाळी लागली. टोमॅटोंची रोपं मावशींनी डब्यांमध्ये लावून पुढच्या पायरीवर मांडली. आणि नव्या मैदानावरच्या पहिल्या मॅचच्या दिवशी त्या नेहमीसारख्या मशीनवर बसल्या.

आवाज आता वरून येत होते आणि भिंतीने निम्मे गिळत होते. एकदा ओरडा झाला, पण तो लांबला की तुटला ते कळेना. बॉल आला नाही. मावशींनी तीच शिवण उसवून पुन्हा घातली. मग त्या उठल्या, चपला घातल्या, गळ्यातली टेप काढायची विसरल्या आणि भिंतीला धरून एकेक पायरी चढल्या. दाराची कडी नवी होती, घट्ट होती.

दारापलीकडे मैदान होतं, आणि तिन्ही बाजूंना माणसंच माणसं. एकमेकांच्या खांद्यावरून माना काढून बघत होती. दाराशीच एक खुर्ची मांडलेली होती. तिच्यावर किरमिजी पडद्याच्या जुन्या जर्सीची घडी होती. एवढ्या गर्दीत तिच्यावर कुणी बसलं नव्हतं.

मावशींनी लंबूला शोधलं. तो समोरच्या बाजूला होता आणि मुद्दाम दुसरीकडे बघत होता.

त्या बसणार तोच बॉल रेषेबाहेर आला आणि त्यांच्या पायाशी थांबला. मावशी वाट बघत राहिल्या. बॉल पुढे घरंगळला नाही.

"मावशी, बॉल!" लंबूची लेक ओरडली.

आजवर त्यांनी तो नेहमी दोन्ही हातांनी उचलून, दोन शिव्यांसकट भिरकावला होता. आज त्या वाकल्या नाहीत. त्यांनी एक पाय मागे घेतला आणि चपलेसकट बॉल मारला.