स्वतःच्या मर्जीनं

ऑगस्टातल्या एका सकाळी फ्लाविया तोनेलानं ओली चादर दोन्ही हातांनी दोरीवर टाकली आणि ती तिथंच थबकली. गेले चार महिने तिचा उजवा हात खांद्याच्या वर जातच नव्हता. काखेत लिंबाएवढी गाठ होती. तिनं बोटांनी चाचपून पाहिलं, पुन्हा पाहिलं. गाठ हाताला लागेना.

ती तशीच अंगण ओलांडून शेडकडे धावली. नवरा रेन्झो ऊसतोडणीच्या यंत्राखाली पाना घेऊन उताणा पडला होता.

"रेन्झो, बाहेर ये! हात लावून बघ, गाठ गेली!"

तो सरपटत बाहेर आला. त्यानं तेलकट हातानंच चाचपलं आणि बायकोला उचलून गरकन फिरवलं. चाळीस वर्षांचा असताना हसायचा तसा तो हसला.

"म्हणजे बरी झालीस की! मग आजपासून डबे तूच करशील ना? पोरीच्या हातचं खाऊन तोडणीची माणसं पार कंटाळलीत."

यात त्याचा काही वाईट हेतू नव्हता. बायकोवर त्याचा जीव होता. पण ती बरी झाली की पहिली आठवण डब्यांची व्हावी, हे त्या घरात कुणालाच, अगदी फ्लावियालाही, खटकलं नाही. सगळ्या अनर्थाचं मूळ तिथं आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

ऑस्ट्रेलियातल्या आमच्या उत्तर क्वीन्सलँडच्या उसाच्या पट्ट्यात जून ते नोव्हेंबर गाळप चालतं आणि तेवढे महिने बाकी सगळं थांबतं. लग्नं थांबतात, छपरं गळत राहतात. दुखणीही थांबतात, पण कुणाची, ते नीट पाहावं. रेन्झोची दाढ दुखली तेव्हा यंत्र अर्धा दिवस बंद ठेवून तो दवाखान्यात जाऊन आला. फ्लावियाच्या पोटरीवरच्या तिळाचा रंग बदलला, मोज्याला रक्त लागू लागलं, तेव्हाही जुलै महिनाच होता. सासूबाई, ज्यांना सारं गाव नोना, म्हणजे इटालियनमध्ये आजी, म्हणतं, भाजी चिरता चिरता म्हणाल्या, "तीळच आहे ना? हंगाम संपू दे."

हंगाम संपला. डिसेंबरात डॉक्टरांनी तीळ कापला. तो मेलानोमा निघाला, कातडीच्या कर्करोगातला सर्वांत घातकी. दोन वर्षांनी तो फुप्फुसात, यकृतात आणि काखेत उगवला. जुनी औषधं त्याच्यापुढं पाणी होती.

तेव्हा ब्रिस्बेनच्या एका मोठ्या इस्पितळात नव्या औषधांची चाचणी चालू होती. तिथली परिचारिका जोसलिन प्रायर, पन्नाशीची, बोलायला रोखठोक. तिनं फ्लावियाला आणि तिच्या मुलीला, मारिसाला, समोर बसवून समजावलं.

"पेशीतलं एक बटण अडकून सतत चालू राहिलंय. एक औषध ते बटण बंद करतं. गाठी विरघळतात, पण सहा-सात महिन्यांत रोग आडवाट शोधतो आणि परत येतो. दुसरं औषध त्या आडवाटेवर पहारा ठेवतं. काही जणांना एकच द्यायचं, काहींना दोन्ही, आणि कुणाचा रोग जास्त दिवस थोपतो ते बघायचं. कुणाला काय, ते संगणक ठरवतो. वचन मी कसलंच देत नाही."

फ्लावियाच्या वाट्याला दोन्ही औषधं आली. नियम कडक होते. दर चार आठवड्यांनी विमानानं ब्रिस्बेनला येऊन छातीपोटाची स्कॅन-छायाचित्रं काढायची, हृदय आणि डोळे तपासायचे. तपासणी झाल्याशिवाय गोळ्यांची पुढची बाटली नाही. एक बाटली फ्रिजमध्येच ठेवायची. नजर धूसर होऊ शकते, म्हणून गाडी चालवायची नाही. आणि ताप आला तर दोन्ही गोळ्या थांबवून तत्काळ फोन करायचा.

मारिसा टाउन्सव्हिलच्या शाळेत शिक्षिका म्हणून नुकतीच लागली होती. तिनं होती नव्हती तेवढी रजा काढून आईच्या दोन फेऱ्या केल्या. दुसऱ्या फेरीत डॉक्टरांनी जुनी आणि नवी छायाचित्रं शेजारी शेजारी लावली. फुप्फुसातले डाग निम्म्याहून लहान झाले होते. जोसलिनसारखी बाईसुद्धा म्हणाली, "फ्लाविया, आज संध्याकाळी मी तुमच्या नावानं एक ग्लास घेणार."

मारिसा नोकरीवर परतली आणि घराचा गाडा पुन्हा फ्लावियाच्या खांद्यावर आला. पाच माणसांचे डबे, दहाचा चहा, नोनाचं रक्तदाबाचं औषध, कारखान्याशी फोन. सप्टेंबरात ट्रॉलीवरच्या माणसाचं मनगट मोडलं, तेव्हा रेन्झो म्हणाला, "दोनच दिवस ट्रॅक्टरवर बसशील का गं? पाऊस यायच्या आत नदीकाठचं शेत काढायचंय." दोनाचे अकरा दिवस झाले. विमानतळापर्यंत मोटार चालवायला त्या बाईची नजर अधू होती. तोडणी यंत्राला खेटून ट्रॉली ओढायला मात्र चांगली होती!

एका शनिवारी नोनानं लझान्याचे ट्रे ठेवायला फ्रिज रिकामा केला आणि गोळ्यांची बाटली खिडकीत ठेवली. ऊन थेट त्या खिडकीत येई. सोमवारी फ्लावियाच्या लक्षात आलं.

"नोना, ही बाटली इथं कशी आली?"

"मग जेवण कुठं ठेवू? माझ्या डोक्यावर? औषध म्हणजे औषध, थोडं ऊन लागलं तर काय वितळतंय?"

फ्लावियानं बाटली उचलून परत फ्रिजमध्ये ठेवली. इस्पितळात फोन केला तर "परत या" म्हणतील, म्हणून तो केला नाही.

मग ताप सुरू झाला. या दोन औषधांचा ताप साधा नसतो. दात वाजतात, पलंग हलतो, मग घामानं गादी भिजते. गोळ्या थांबवल्या की दोन दिवसांत उतरतो; डॉक्टर मात्रा जुळवून देतात. पण त्यासाठी डॉक्टरांना कळावं लागतं. फ्लाविया एका हातानं ओट्याची कड धरून दुसऱ्या हातानं पावाला लोणी लावत उभी राहिली.

"विष आहे ते," नोना म्हणाल्या. "मी पाच बाळंतपणं काढली, ऊसतोडीच्या टोळीला रांधलं. आमच्या वेळी अशी थेरं नव्हती."

ऑक्टोबरची तपासणी गुरुवारी होती. बुधवारी रेन्झो टोपी हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

"उद्या कारखान्यानं उसासाठी जादा वाघिणी दिल्यात. केर्न्सच्या विमानतळापर्यंत दीड तास जायला, दीड यायला. पुढच्या आठवड्यात गेलीस तर नाही का चालणार?"

"गोळ्या संपतात रे शनिवारी."

"आठवडाभरानं काय होतंय? आता तर तू माझ्यापेक्षा ठणठणीत दिसतेस."

फोनवर मारिसा संतापली. "ममा, मी येते. सुट्टी नाही दिली तर नोकरी गेली खड्ड्यात!"

"वेडी का काय तू? नोकरी नवीन आहे तुझी. पपा नेणार आहेत मला."

पुढच्या आठवड्यात यंत्राचा पट्टा तुटला. त्याच्या पुढच्या आठवड्यात जोसलिनचा फोन आला. दुपारची वेळ, टेबलाभोवती पाच माणसं जेवत होती.

"फ्लाविया, या गुरुवारी आला नाहीत, तर मला तुम्हाला चाचणीतून काढावं लागेल. येताय का?"

फ्लावियानं रेन्झोकडे पाहिलं. त्यानं ताटात पाहिलं. नोना पुटपुटल्या, "हंगाम संपू दे म्हणावं."

"नाही जमणार."

"म्हणजे चाचणी सोडताय? स्वतःच्या मर्जीनं? मला हे विचारावंच लागतं."

एक माणूस आणखी पाव मागत होता. फ्लावियानं टोपली पुढं सरकवली आणि म्हणाली, "हो. माझ्याच मर्जीनं."

हंगाम संपल्याचा कारखान्याचा भोंगा नोव्हेंबरच्या अखेरीस वाजला. तोवर काखेतली गाठ परत आली होती आणि फ्लाविया मारिसाला नोनाच्या नावानं हाक मारू लागली होती. रोग मेंदूत गेला होता. डिसेंबरच्या सहा तारखेला ती गेली. वय सत्तेचाळीस.

दफनानंतर रेन्झो ज्याला त्याला खिशातली दोन तिकिटं दाखवत होता. "आठ तारखेचं विमान होतं. हंगाम संपल्या संपल्या मी काढलं होतं. खरंच काढलं होतं." लोक त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. मारिसानं मात्र सगळ्यांसमोर विचारलं, "पपा, यंत्राच्या पट्ट्यासाठी तू केर्न्सला किती वेळा गेलास?"

"दोनदा," तो म्हणाला, आणि मग त्याला प्रश्न कळला. तो थडग्याशेजारी मटकन बसला. मारिसाला त्याची दया आली नाही. मलाही आली नाही.

फेब्रुवारीत गोळ्यांच्या रिकाम्या बाटल्या आणि आईची नोंदवही परत करायला मारिसा ब्रिस्बेनला गेली. चाचणीतला प्रत्येक रोगी ती वही लिहितो: गोळी किती वाजता, त्रास काय. जोसलिननं पानं उलटली. गोळीच्या वेळेपुढं फ्लावियाच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'ताप. डबे झाले की फोन करीन.' दुसऱ्या दिवशी, 'ताप. नोनाची आंघोळ. उद्या फोन.' त्याखाली, 'डोळ्यांपुढं धुकं. ट्रॉली चिखलात घातली. रेन्झो ओरडला नाही, चांगला आहे.' शेवटच्या पानावर, 'गोळ्या संपल्या. जायचं होतं.'

जोसलिननं वही मिटली नाही. मारिसाचं लक्ष टेबलावरच्या आईच्या कागदाकडे गेलं. चाचणी सोडण्याचं कारण: स्वतःच्या मर्जीनं माघार.

"हे खोडा," मारिसा म्हणाली.

"त्या स्वतः म्हणाल्या होत्या फोनवर."

"तिला मर्जी होती कुठं? सत्तेचाळीस वर्षांत तिनं एकदा तरी स्वतःच्या मर्जीनं काही केलं असेल, तर मला दाखवा! तुम्ही विचारलंत तेव्हा ती काय करत होती, माहितेय?"

"जेवण वाढत होत्या," जोसलिन हळूच म्हणाली. "मागून काट्या-चमच्यांचे आवाज येत होते. ते ऐकूनही मी खूण केली. रकान्यात दुसरं काही बसत नव्हतं."

मारिसा गेल्यावर जोसलिननं कपाट उघडलं. याच कारणानं माघार घेतलेल्यांचे आणखी सहा कागद निघाले. त्यांत चार बायका होत्या. तिनं चारही घरी फोन लावले. एकीच्या सासऱ्याला सांभाळायला कुणी नव्हतं. एकीकडे तीन नातवंडं होती. एकीच्या नवऱ्यानं सांगितलं की मेंढ्यांची लोकर कातरायचे दिवस होते. चौथीकडे फोन उचलायलाही कुणी उरलं नव्हतं. पुरुषांचे दोन फोन तिनं लावले तेव्हा उत्तर निराळं आलं: दोघांनाही खरोखरच औषध नकोसं झालं होतं.

औषध कंपनीचा तपासनीस आला तेव्हा फ्लावियाच्या कागदावरची खूण खोडलेली होती. शेजारी शाईनं लिहिलं होतं: घरच्यांनी येऊ दिलं नाही. खाली जोसलिनची सही.

"असं कारण यादीत नाही," तपासनीस म्हणाला. "निकालात धरता येणार नाही. जुनं परत लिहा आणि सही करा."

"नाही करणार."

"अहो, एका बाईनं काय फरक पडतो?"

"औषध लागू पडत होतं तिला. तुमच्या निकालात ती आपणहून गेली असं छापून येणार, आणि पुढच्या बाईलाही सगळे तेच म्हणणार. मी यावर सही करणार नाही. वाटलं तर मला काढा."

तिला काढलं नाही. तो कागद अजून वादात पडून आहे. दोन औषधं एकत्र दिली तर रोग जास्त दिवस थोपतो, असं त्या चाचणीतून दिसलं. पुढच्या, मोठ्या चाचणीची तयारी सुरू झाली.

त्या चाचणीत आलेली पहिली बाई दक्षिणेकडच्या एका गुराख्याची बायको होती. जोसलिननं औषधांबद्दल बोलायच्या आधी तिच्या नवऱ्यासमोर एक कोरा कागद ठेवला.

"ही दर चार आठवड्यांनी इथं येणार. मध्येच तापानं पडणार. त्या दिवसांत हिची कामं कोण करणार? नावं लिहा."

तो ओशाळं हसला. "कामं तीच करते सगळी. तशी दणकट आहे ती."

"ते मला ठाऊक आहे. ती नसताना कोण, ते विचारतेय."

त्यानं बायकोकडे पाहिलं. ती घाईघाईनं म्हणाली, "अहो सिस्टर, मी करीन काहीतरी—"

"तुम्ही थांबा," जोसलिन म्हणाली. तिनं पेनाचं टोपण काढलं, पेन त्या माणसाच्या हातात दिलं आणि समोरची खुर्ची ओढून बसली.